कमान नंतर बांधा, आधी एक सुई द्या

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बीदर आणि भालकी भागातील मराठी शाळांच्या माजी विद्यार्थी संघटना, एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य आणि मुख्याध्यापक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या हायस्कुलात उत्तर दिशा कपाटात होती.

थट्टा नाही. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. तिथली प्रयोगशाळा म्हणजे स्टाफरूमच्या मागची, आषाढात कौलांतून ठिबकणारी खोली. त्या खोलीत टेबलावर चुंबकसूची ठेवली की तिचे टोक डुलत डुलत जाऊन भिंतीशी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाकडे थांबायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पुस्तकात आहे तसे सांगून मोकळा झालो, ‘‘ही उत्तर दिशा.’’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, सूर्य ह्या खिडकीतनं वर यालाय. मग उत्तर कपाटात कशी गेली?’’

पोराचे बरोबर होते. वर्षानुवर्षे एका जागी उभे राहिलेले लोखंड पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेच थोडेफार चुंबकित होते आणि जवळच्या सूचीला फितवते. कपाटाच्या आत पट्टीचुंबक होते, तेही कसे, तर रक्षक लोखंडी पट्ट्या न लावता, सारखी टोके सारख्या टोकांना भिडवून. टाचणीही उचलवत नव्हती त्यांना. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, कारण साहित्य ‘डेड स्टॉक’मध्ये नोंदवलेले, वापरले आणि मोडले तर जबाबदार कोण? निवृत्त होईपर्यंत ते कपाट तिथेच होते. मी एवढेच केले की पुढच्या वर्षापासून सूची घेऊन वर्ग मैदानात नेला.

आज हे आठवण्याचे कारण तुमचे व्हॉट्सअॅप ग्रुप. माझ्या फोनवर आठ आहेत. कुणाच्या शाळेला पन्नास वर्षे होत आहेत, कुणाच्या पंचाहत्तर. सगळीकडे वर्गणी गोळा होत आहे आणि सगळीकडे ठराव एकच : शाळेला स्वागत कमान बांधायची, वर देणगीदारांची नावे ग्रॅनाइटवर कोरायची. उरलेच पैसे तर एक स्मार्ट बोर्ड. कमानीला माझा विरोध नाही, बाळांनो. आपल्या शाळांचे पट कसे घसरले आहेत ते मला माहीत आहे. दारात कमान उभी राहिली की गावाला वाटते शाळा अजून जिवंत आहे. पण त्या वर्गणीतून हजारभर रुपये आधी बाजूला काढा. त्यातून पृथ्वी मोजायचे साहित्य घ्या आणि एक जाड वही. कशासाठी ते जरा सविस्तर सांगतो.

चुंबकसूची उत्तर दाखवते हे सगळ्यांना ठाऊक असते. ती खाली वाकतेही, हे शाळेत फारसे कुणी दाखवत नाही. सुई मधोमध अशी टांगा की तिला वरखाली होता येईल. आपल्या भागात तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते. या झुकण्याला आपल्या पुस्तकात ‘नती’ म्हणतात. लंडनमधला होकायंत्रे बनवणारा रॉबर्ट नॉर्मन हा कारागीर. चुंबकित केल्यावर सुई दरवेळी एका अंगाला कलते म्हणून तो जड अंग कापून तोल साधायचा. एकदा कापता कापता चांगली सुई वाया गेली, तेव्हा वैतागून त्याने हे प्रकरण मुळातून तपासले आणि १५८१ साली छापून सांगितले की हा सुईचा दोष नव्हे, सुई ज्याच्याकडे रोख धरते ते काहीतरी पृथ्वीत आहे. नंतर १६०० साली विल्यम गिल्बर्टने म्हटले की पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे. आजही होकायंत्राच्या सुईला एका बाजूला तोलासाठी बारीकसे वजन असते, आणि ते जगाच्या कुठल्या भागात वापरायचे त्यावर ठरते. युरोपासाठी तोललेले होकायंत्र इकडे आणले तर त्याची सुई दुसऱ्याच अंगाला पडते.

आता खरी गंमत. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तिथे, तिरुनेलवेलीच्या आसपास, सुई जवळजवळ आडवी राहते. तिथून उत्तरेला सरकू तशी ती वाकत जाते, आणि विषुववृत्ताजवळ हे वाकणे फार झपाट्याने होते : अक्षांश एका अंशाने वाढला की नती साधारण दोन अंशांनी वाढते. युरोपातल्या शाळेला हा फरक पाहायचा तर लांबचा प्रवास करावा लागेल, कारण तिथे सुई आधीच साठ-सत्तर अंश वाकलेली असते आणि जागा बदलली तरी फरक हळूहळू पडतो. आपल्याला मात्र हा प्रयोग आयता मिळाला आहे.

तो कुठे मिळाला, सांगू? आपल्या घोषणेत. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह...’ ही ओळ आपण लहानपणापासून ओरडत आलो. तुमच्यातल्या निम्म्यांनी एक नोव्हेंबरच्या फेरीत आजोबांच्या खांद्यावर बसून ती पहिल्यांदा म्हटली असेल. आता तीच गावे नकाशावर दक्षिणेकडून उत्तरेकडे लावून बघा. कारवार १४.८ अंश उत्तर, बेळगाव १५.९, निपाणी १६.४, बीदर १७.९, भालकी १८. तीन अंशांहून जास्त पसारा. म्हणजे कारवारच्या सुईत आणि भालकीच्या सुईत सुमारे सहा अंशांचा फरक पडायला हवा. ढोबळ मानाने कारवारला सतरा-अठरा, बेळगावला वीसच्या आतबाहेर, भालकीला चोवीसच्या जवळपास. सहा अंश म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकावर डोळ्यांनी दिसणारा फरक. ही घोषणा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल, पण त्यांनी भूचुंबकत्वाच्या निरीक्षणाची ठाणी उत्तर-दक्षिण ओळीत मांडून ठेवली आहेत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागायचा तेव्हा लागेल. हे काम एका शनिवारच्या सकाळच्या शाळेत होते.

सुई कशी करायची ते सांगतो, म्हणजे कुणी ‘साहित्य मिळत नाही’ म्हणायला नको. विणकामाची पोलादी सुई घ्या. हल्ली अॅल्युमिनियमच्या आणि प्लॅस्टिकच्या सुया मिळतात, त्या चालत नाहीत. चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. नाही मिळाली तर मोडक्या छत्रीची काडी. खानापूर तालुक्यात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही, कणकुंबीच्या पोरांना तर वर्षाला दोन लागतात. बाटलीच्या बुचातून ही सुई आरपार घाला आणि तिला काटकोनात, बुचातूनच, शिवणाची एक सुई आस म्हणून. आसाची दोन टोके दोन काचेच्या पेल्यांच्या कडांवर टेकवा. आता तोल साधा, गरज पडली तर हलक्या अंगाला मेणाचा ठिपका लावा. मोठी सुई अगदी आडवी राहिली पाहिजे. हे तोलणे चुंबकित करण्याच्या आधी, नंतर नव्हे; इथेच बहुतेकांचे चुकते. मग ताकदीच्या चुंबकाने तिच्यावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा, परत पेल्यांवर ठेवा आणि सुई उत्तर-दक्षिण रोखात येईल असे पेले फिरवा. सुई वाकेल. मागे कोनमापक धरा. आकडा वहीत.

एवढ्यावर थांबू नका. त्याच सुईवर उलट्या दिशेने चुंबक घासून तिची टोके पालटा, पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. तोल साधताना झालेली चूक एकदा नती वाढवते, एकदा कमी करते, आणि सरासरीत निघून जाते. जुन्या काळच्या मोठ्या नतियंत्रांवरही हीच युक्ती वापरत असत. आणि हे सगळे करण्याआधी मुलांना एक चमत्कार दाखवा : पेले फिरवून सुई पूर्व-पश्चिम रोखात आणा. ती सरळ उभी राहते. त्या रोखात क्षेत्राचा आडवा भाग तिला हलवू शकत नाही, फक्त खाली ओढणारा उरतो. मी पहिल्यांदा मैदानात हे केले तेव्हा एक पोरगी म्हणाली, ‘‘सर, हिला कोणतरी खालनं वढालंय!’’ तीस वर्षांत भूचुंबकत्वाची याहून चांगली व्याख्या मी ऐकली नाही.

जागा मात्र नीट निवडा. पत्र्याच्या शेडपासून, मोटारसायकलींपासून, बोअरच्या केसिंगपासून लांब. किल्ल्या, मोबाईल, बेल्टचे बक्कल, मुलींच्या केसांतल्या पिना, सगळे एका पिशवीत घालून झाडाखाली. अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेची इमारत बांधताना लोखंडाचा खिळासुद्धा टाळला आहे आणि दगड पोरबंदरहून आणला आहे, कारण आपला काळा फत्तर स्वतःच चुंबकित असतो. जांभ्यातही लोह भरपूर. चिऱ्यांच्या भिंतीला टेकून मोजाल तर भिंत मोजाल.

अलिबागचा विषय निघालाच आहे तर मुंबईतल्या कुलाब्याचे सांगतो, कारण वही कशासाठी हा प्रश्न तुम्ही विचारणारच. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. माणसे रात्रंदिवस पाळीने सूचीचे वाचन घेत आणि नोंद करत. कंटाळवाणे काम. रोज तेच आकडे, किंचित वरखाली. मग २ सप्टेंबर १८५९ उजाडला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक लख्ख भडका उडताना पाहिला होता. त्याचा तडाखा पृथ्वीला बसला आणि कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजायचे हे एकक) कोसळला. आपल्याकडचे एकूण क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या घरात आहे, त्यातून सोळाशे! मे २०२४ मध्ये मोठे सौरवादळ आले, लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबूस प्रकाश दिसला, सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. त्या वादळात हीच घसरण, जगभरच्या निवडक वेधशाळांच्या सरासरीने, चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास होती. १८५९ चे ते वादळ किती मोठे होते हे ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याचे आकडे काढून बसतात. कुणा कारकुनाने त्या दिवशी ‘आज सूची बिघडली आहे’ म्हणून वही मिटली असती तर?

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सूच्या नाचायला लागणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या वहीचा धागा नव्या वहीला नीट जोडता यावा. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या दोन वर्षांसाठी. आपल्याकडे बदली झाली की जुन्या मास्तरांच्या वह्या रद्दीत जातात. अलिबागची वेधशाळा आज नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिथे नोंद अजून चालू आहे. याच संस्थेचे एक केंद्र कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. बेळगावहून सकाळच्या एसटीने निघाले तर संध्याकाळी घरी परत. सहल पन्हाळ्याला नेता तशी एकदा तिथेही न्या.

पन्हाळ्यावरून देसूर आठवले. देसूर म्हणजे बेळगाव आणि खानापूरच्या मधले रेल्वे स्टेशन. पॅसेंजर थांबते आणि सुटते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. भूगर्भशास्त्राच्या जगात मात्र देसूरचे नाव फार मोठे आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचे थर शास्त्रज्ञांनी खालून वर लावले आणि प्रत्येक गटाला आपल्याच गावांची नावे दिली : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि सगळ्यांत वर देसूर. बेळगाव हे या काळ्या दगडाचे दक्षिणेकडचे टोक. पुढे खानापूरच्या दक्षिणेला दगडच बदलतो, फार जुना होतो.

आणि या थरांत सुया आहेत. लाव्हा निवत असताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला बसतात आणि दगड थंड झाला की तसेच गोठतात. खालच्या थरांतली दिशा उलटी आहे, म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. महाबळेश्वरच्या थरांत कुठेतरी पालट होतो. त्यावरच्या पन्हाळा आणि देसूरच्या थरांत उत्तर पुन्हा उत्तरेला आलेली असते. पण त्या दगडातली सुई आपल्या पेल्यावरच्या सुईसारखी उत्तर टोक खाली करत नाही. ती ते वर करते, चाळीस-पन्नास अंश. उत्तर टोक वर फक्त दक्षिण गोलार्धात होते. ज्या दिवशी हा लाव्हा निवला त्या दिवशी आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे तीस अंशांवर होती. ती सरकत इथे आली. दख्खनच्या दगडांची ही मोजमापे १९५० च्या दशकात झाली, आणि खंड सरकतात ही तेव्हा थट्टेवारी नेली जाणारी गोष्ट लोकांनी गंभीरपणे ऐकायला त्यांचा मोठा हात लागला. नतीचे जे सूत्र मुले वहीत लिहितील, नतीची स्पर्शज्या (टॅन) म्हणजे चुंबकीय अक्षांशाच्या स्पर्शज्येची दुप्पट, तेच सूत्र वापरून हे तीस अंश काढले आहेत. देसूरच्या खाणीजवळून रोज सायकलने शाळेला येणाऱ्या पोराला हे कुणीतरी सांगायला नको का?

आता कमानीकडे येतो. एक कमान आपल्याकडे आधीपासून आहे. दगडाची नव्हे, मोजमापाची. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ साखळी अंथरून भारताची मोजणी सुरू केली आणि मग रेखांशाच्या एका रेषेला धरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेला निघाला. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला १८२३ मध्ये तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने नेले. पृथ्वीच्या गोलाईची ही जी लांबलचक कमान त्यांनी मोजली तिचे एक ठाणे बीदरजवळच्या दमरगिड्ड्याला होते. भालकीकरांनी हे आपल्या मुलांना सांगावे.

या कमानीत एक घोटाळा निघाला. हिमालयाकडच्या कलियाना आणि माळव्यातल्या कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अक्षांशांचे अंतर ताऱ्यांवरून काढले की एक येई, जमिनीवरच्या त्रिकोणांवरून काढले की दुसरे. फरक सव्वापाच विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). संशय गवंड्याच्या ओळंब्यावर गेला. ओळंबा सरळ खाली लोंबतो हे आपण धरून चालतो. शेजारी हिमालयाएवढा डोंगर असेल तर तो त्याला थोडा स्वतःकडे ओढणारच. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी डोंगराच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला आणि उत्तर आले जवळजवळ सोळा विकला. म्हणजे हिमालय ओढायला हवा त्याच्या एकतृतीयांशच ओढत होता! त्यातून १८५५ मध्ये इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी आणि पुढे प्रॅट यांनी आपापल्या परीने सुचवले की उंच डोंगरांखाली हलका खडक असतो, डोंगर जणू तरंगतो. भूशास्त्रातली ही मोठी कल्पना एका न जुळलेल्या हिशेबातून आली. आमच्याकडे हिशेब जुळला नाही की विद्यार्थी मार्गदर्शिकेतले उत्तर उतरवून मोकळे होतात, आणि शिक्षकही त्यावर टिकमार्क करतात. मीही केले आहेत.

गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते हे दाखवायला तुमच्या खिशातला फोन पुरे. बेळगाव स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, साडेसातशे मीटरच्या आसपास. पाटीखाली उभे राहून फोनवरच्या एखाद्या साध्या जीपीएस अॅपमध्ये उंची बघा. पुष्कळ अॅप सत्तर-ऐंशी मीटर कमी दाखवतात. एका सहलीत पोरे म्हणाली, ‘‘सर, मोबाईल खोटं बोलालाय.’’ मोबाईल खोटे बोलत नव्हता. जीपीएस पृथ्वीच्या एका गुळगुळीत, हिशेबी आकारापासून उंची मोजते; रेल्वेची पाटी समुद्राच्या पातळीपासून. समुद्राची पातळी गुरुत्वाकर्षण ठरवते, आणि आपल्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली, हिंदी महासागरात ते इतके कमी आहे की तिथली पातळी हिशेबी आकाराच्या १०६ मीटर खाली जाते. जगातला हा सर्वांत मोठा खळगा. त्याच्या उतारावर आपण राहतो. ज्या अॅपमध्ये ही दुरुस्ती केलेली असते ते पाटीशी जुळते, ज्यात नसते ते जुळत नाही. दोन्ही प्रकारची अॅप दोन मुलांच्या हातात द्या आणि त्यांना भांडू द्या.

लोलकाचा प्रयोग मात्र मी जपून सांगतो, कारण त्याबद्दल फार थापा मारल्या जातात. बेळगावला गुरुत्वत्वरण कारवारपेक्षा किंचित कमी. कारवारला बरोबर चालणारे लोलकाचे घड्याळ बेळगावला आणले तर दिवसाला काही सेकंद मागे पडेल. पण शाळेतला दोरा-गोळीचा लोलक हा फरक दाखवेल असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. दोऱ्याची लांबी मोजण्यातली आणि घड्याळ दाबण्यातली चूकच त्या फरकाच्या वीसपट तरी मोठी असते. तरीही करा. सेकंदाचा ठोका देणाऱ्या लोलकाची लांबी आपल्याकडे ९९.१ सेंटिमीटर येते, ध्रुवावर ती ९९.६ असेल. मुलांचे उत्तर ९८.७ आले तर ९८.७ लिहू द्या, आणि ते का आले यावर एक तास घालवा. हे अर्धे सेंटिमीटर पकडायला माणसांनी काय सोसले तेही त्यांना कळू द्या : जेम्स बासेवी हा अधिकारी १८६५ पासून लोलकाची उपकरणे घेऊन कन्याकुमारीकडून लडाखपर्यंत फिरला आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर, उघड्या थंडीत, काम चालू असतानाच गेला.

‘आता उपग्रह आहेत, सुया कशाला?’ असे एका ग्रुपवर कुणीतरी आत्ताच लिहिले आहे. इंजिनिअर आहे, बंगळुरूला असतो, माझाच विद्यार्थी. प्रश्न योग्य आहे. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस नावाच्या मोहिमेचे दोन उपग्रह एकामागून एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत. खाली वस्तुमान कमीजास्त झाले की त्यांच्यातले अंतर केसाहून बारीक बदलायचे. त्यावरून कळले की २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणाच्या जमिनीखालून १०९ घनकिलोमीटर पाणी उपसले गेले. आपले आलमट्टी धरण तीस वेळा भरेल एवढे. पण या उपग्रहांची नजर तीन-चारशे किलोमीटरच्या पट्ट्याची. अथणीतले पाणी उतरले आणि खानापुरात चढले तर त्यांना दोन्ही मिळून एकच ठिपका दिसतो. तुझ्या गावची विहीर वरून दिसत नाही रे. ती दोर सोडूनच मोजावी लागते. तीही त्याच वहीत लिहा, महिन्यातून एकदा.

तुमच्यातले काही विचारतील, उत्तरेला डोके करून झोपू नये यात मग काही तथ्य आहे का. फ्रिजवर चिकटवलेले गणपतीचे चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभरपट तरी जोरकस असते आणि त्याला आपण रोज हात लावतो. रक्तातले लोह टाचणीसारखे चुंबकाला चिकटत नाही. हव्या त्या दिशेला झोपा. आणि जत्रेत विकतात ती चुंबकाची कडी घेऊ नका. त्या पैशात चार पोलादी सुया येतात.

अडचणी मला माहीत आहेत. सेमिस्टर, नोंदी, निवडणुकीची कामे, कन्नड भाषा विषयाचा ताण, बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) भेट. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पेपरात नतीवर फार तर एक गुणाचा प्रश्न. म्हणून मी शाळांना नव्हे, आधी तुम्हाला लिहितो आहे. शिक्षकाला नवीन काम सांगू नका. तुमच्यातला एक जण शनिवारी सकाळी शाळेत जाऊ दे, दोन पेले आणि एक सुई घेऊन. डिसेंबरातला दुसरा शनिवार मला बरा वाटतो, हवा कोरडी असते आणि परीक्षा लांब असते. सगळीकडे सकाळी नऊला, कारण क्षेत्र दिवसभरात थोडे हलते. कारवार, खानापूर, बेळगाव, निपाणी, बीदर, भालकी. प्रत्येक ठिकाणी दहा सुया, दहा आकडे, सरासरी.

एक विनंती आणखी, आणि ती काहींना रुचणार नाही. शेजारच्या कन्नड शाळेलाही बोलवा. माझ्या नोकरीत माझी सर्वांत चांगली सुई बैलहोंगलकडच्या एका कन्नड माध्यमाच्या मास्तरांनी बनवून दिली होती. त्यांच्या पुस्तकात लोहचुंबकाला ‘अयस्कांत’ म्हणतात, आणि हा शब्द आपण का सोडून दिला असे मला तेव्हापासून वाटते. दहाच्या जागी वीस आकडे झाले की सरासरी सुधारते, माझा स्वार्थ एवढाच.

वहीबद्दल शेवटचे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घ्या. पहिल्या पानावर जागा लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच उभे राहता येईल : ‘ध्वजस्तंभापासून पूर्वेला चाळीस पावले’ असे. ध्वजस्तंभ लोखंडी असेल तर साठ पावले. आकडे शाईने, खोडाखोड न करता. चुकले तर एक रेघ मारून शेजारी नवा, म्हणजे जुनाही वाचता येईल. वही कपाटात ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण किल्ली दाराला टांगा.

माझ्याकडे तयार केलेल्या नऊ सुया आहेत, तीन छत्रीच्या काड्यांच्या. ज्या शाळेला सुरुवातीला हव्या असतील तिच्या माणसाने कुठल्याही रविवारी खानापूरच्या बाजारात यावे, मी भाजीच्या पिशवीत घेऊन येतो. येताना मोटारसायकल जरा लांब लावा.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक